सायकलचं कारण

मा. संपादक, स.न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'आता कौमार्याचा बाऊ कोणी करत नाही' अशा सुराचा लेख वाचला आणि राहवेना म्हणून लिहितेय. बोलायला सगळेच मॉडर्न झालेत हो, पण मागच्याच आठवड्यात माझी भाची, चांगली शिकलेली, नोकरी करणारी, लग्न ठरलेली, रात्री साडेअकराला मोबाईल माझ्यापुढे धरून विचारते, मावशी ही कॅप्सूल मागवू का? बघते तर नकली रक्ताची कॅप्सूल, पहिल्या रात्रीसाठी, वर स्टार रेटिंग आणि खाली 'पाकिटावर नाव नसेल' अशी ग्वाही. म्हटलं अगं तो मुलगा तर एवढा मोकळा आहे म्हणतेस ना, तर म्हणाली, तो विचारणार नाही गं, पण बघेल ना.

हे 'बघेल ना' डोक्यातून जातच नाहीये. कारण 28 वर्षांपूर्वी मलाही रक्त आलं नव्हतं. नवऱ्याने एका शब्दाने विचारलं नाही, मीच घाईघाईत सांगून टाकलं की लहानपणी सायकल फार चालवायचे. सायकल मला आजही येत नाही.

खरं तर योनिपटल म्हणजे बाटलीचं सील नव्हे. योनीच्या तोंडाशी असलेली पातळ, ताणली जाणारी घडी असते ती, प्रत्येकीची वेगळी, कित्येकींना पहिल्या वेळी रक्त येतच नाही आणि नुसतं तपासून कोणाचा संबंध आलाय की नाही हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्येच म्हटलंय की कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही, ती बंद करा. ब्रिटनने तर 2022 च्या कायद्याने ही चाचणी आणि ते पटल शिवून देण्याचं ऑपरेशन दोन्ही गुन्हा ठरवलं. स्वीडनमध्ये लैंगिक शिक्षणाचं काम करणाऱ्या एका संस्थेने 2009 साली 'कुमारीपणाचा पडदा' अशा अर्थाचा जुना शब्दच टाकून दिला आणि नवा आणला. आपल्या बातम्यांत मात्र बलात्कार झाला की अजून 'अब्रू लुटली', म्हणजे गुन्हा त्याने करायचा आणि गेलं काय तर हिचं. (मुलगा 'पहिल्यांदाच' आहे का, हे विचारायला कोणाला सुचतसुद्धा नाही ते वेगळंच.)

हे सगळं भाचीला सांगितलं, तिने कॅप्सूल कार्टमधून काढली. मग जरा वेळ गप्प बसून म्हणाली, पण मावशी, मला ते सगळं आवडलं तर? म्हणजे आवडलं असं दिसलं, तर त्याला वाटेल का की हिला आधीपासून माहितीये?

मला काही बोलता आलं नाही. तुमच्या लेखकांनी पुढचा लेख जमलं तर यावर लिहावा.

आपली,
एक वाचक (नाव छापू नये, घरी पेपर येतो)