आमच्या मुलांचे १२० तास तलावाच्या पाळीवरही मोजा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी नागभीड तालुक्यात इतिहास शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या मुलांना आंतरवासिता (इंटर्नशिप) आली, ४ क्रेडिट, १२० तास. मला ते मनापासून पटलं. पण इतिहासाच्या मुलांनी खेड्यात हे तास भरायचे कुठे? माझी एक विद्यार्थिनी महिनाभर एका कचेरीत फायलींना दोरे बांधत होती. प्रमाणपत्र मिळालं. फायलीत काय आहे, ते कुणी उघडून दाखवलं नाही.

तिच्या घरामागे मामा तलाव आहे. माजी मालगुजारी, म्हणून मामा; मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारे जुने गावमालक. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत, त्यांतले कितीतरी कोहळी समाजाने बांधलेले. धान अजून त्यांच्यावर पिकतं. सुटीत मी तिला म्हटलं, आज्याला पाळीवर ने आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लाव. आजा तुडुमापाशी, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या तोंडापाशी, बसला. "पानी उतरलं का खालचा डट्टा काढाचा. घाई केली त शेवटच्या बांधीले पानी पुरत नाही." चाळीस मिनिटं बोलला. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, आधी पाणी, पाळ फुटली तेव्हा टोपल्या कोणी वाहिल्या, १९५१ ला मालगुजारी गेल्यावर डागडुजी कोणी करायची यावरून झालेली भांडणं. यातलं काहीही मला कागदावर सापडलं नव्हतं. ही चाळीस मिनिटं तिच्या १२० तासांत धरली गेली नाहीत, कारण त्यावर संस्थेचा शिक्का नव्हता.

साहेब, ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद शाळेला आंतरवासितेचं ठिकाण म्हणून मान्यता द्या. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, गावच्या हक्क-रिवाजांची नोंद असलेलं वाजिब-उल-अर्ज कसं वाचायचं, हे शिकवायला नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयातला जाणकार वर्षातून आठ दिवस तालुक्याला आला तरी पुष्कळ. मुलांना एसटीचं भाडं द्या. काही जण मजुरी बुडवून येतात. सांगणाऱ्याची संमती असेल तर रेकॉर्डिंगची एक प्रत गावच्या शाळेत राहू द्या.

शेजारच्या चिमूरला १६ ऑगस्ट १९४२ चा लढा पाहिलेली माणसं होती तेव्हा आम्ही मुलांना त्यांच्याकडे पाठवलं नाही. ही चूक आम्हा शिक्षकांची, आणि ती मला आजही सलते.

त्या मुलीचा आजा ८६ वर्षांचा आहे. धानाच्या रोवण्याआधी आदेश निघाला, तर याच हंगामात आम्ही पाळीवर बसतो.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक, नागभीड तालुका, जि. चंद्रपूर