पावसाळ्यानंतर जुन्या मशीनचे बटण लगेच दाबू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस ओसरला की कोकणात घरोघरी सुतारकाम निघते. माळ्यावर नाहीतर पडवीच्या कोपऱ्यात चार महिने पडलेले जुने ड्रिल किंवा ग्राइंडर खाली येते, फडक्याने पुसले जाते आणि थेट प्लगला लागते. फट्‌कन आवाज येतो, जळका वास सुटतो आणि ‘आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) गेले’ म्हणून ॲल्युमिनियम बॉडीचे दणकट मशीन किलोच्या भावाने भंगारात जाते. बटण दाबेपर्यंत ते बहुतेकदा दुरुस्त होण्याजोगे असते, म्हणून हे पत्र.

खरा शत्रू आतली ओल. कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारा कार्बनचा ठोकळा) झिजून त्याची काळी भुकटी वाईंडिंगवर, म्हणजे तारेच्या गुंडाळीवर, बसते. त्यात खाऱ्या वाऱ्यातले मीठ मिसळते, मीठ हवेतले पाणी ओढते आणि त्या चिकट थरातून करंट बॉडीकडे झिरपतो. म्हणून मशीन उघडून आधी ही भुकटी कोरड्या ब्रशने काढावी. वाऱ्याच्या फटींत कुंभारमाशीने मातीचे घर केलेले हमखास सापडते, तेही काढावे. मग आर्मेचर आणि फील्ड कॉइल (त्याभोवतीची स्थिर गुंडाळी) पत्र्याच्या डब्यात ठेवून वीतभर अंतरावर १०० वॅटचा पिवळा बल्ब ८-१० तास लावावा. वाफ बाहेर जायला झाकणाला फट हवीच. भट्टीत किंवा चुलीजवळ वाळवू नये, जुन्या वाईंडिंगचे वार्निश मऊ पडते.

वाळले की नाही हे ५०० व्होल्टच्या मेगरवरच (जास्त व्होल्ट लावून गळती तपासणाऱ्या मीटरवरच) कळते. मल्टिमीटर जेमतेम काही व्होल्ट लावतो, त्यामुळे गळती असूनही तो ‘सर्व ठीक’ दाखवतो. मशीनचे भाग परत जुळवून झाल्यावर प्लगच्या फेज-न्यूट्रल पिना एकत्र करून त्या आणि धातूची बॉडी यांच्यामध्ये मोजावे. मोजताना मशीनचे बटण दाबलेले हवे, नाहीतर मोजणी स्विचपाशीच थांबते. १ मेगओहमच्या खाली आकडा आला तर पुन्हा वाळवावे. तरीही चढला नाही, तरच रिवाइंडिंगचा (नवी तार गुंडाळण्याचा) विचार.

कम्युटेटरवर (आर्मेचरवरचे तांब्याच्या पट्ट्यांचे कडे, ज्यावर कार्बन ब्रश टेकतात) लोक एमरी पेपर मारतात, ते चूक. त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकतात. बारीक काचपेपर घ्यावा. पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या वर आला असेल, तर ब्रश उडतात आणि ठिणग्या पडतात. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा कडेने घासून पातळ करावा आणि अभ्रक साधारण अर्धा मिलिमीटर खाली कोरावा. नेमक्या मापाचा कार्बन ब्रश मिळाला नाही तर मोठा आणून घासून बसवावा. लहान ब्रश कधीच चालवू नये, तो खोबणीत खडखडतो. ब्रशखाली बारीक निळी ठिणगी चालते, पण कम्युटेटरभोवती नारिंगी कडे फिरू लागले तर मशीन तिथेच बंद करावे, आर्मेचरची कॉइल शॉर्ट झालेली असते किंवा तुटलेली.

ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्क्रू खाऱ्या हवेने पांढरी भुकटी धरून घट्ट बसतात. जोर केला की डोके तुटते. झिरपणारे तेल घालून रात्रभर ठेवावे, मग स्क्रूभोवतीचे ॲल्युमिनियम गरम करावे (वाईंडिंग आधी बाहेर काढून). ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड सुटते. परत बसवताना आट्यांना ग्रीस लावावे. बॉडी धुण्याच्या सोड्यात उकळू नये, काळी पडते आणि खड्डे पडतात.

बेअरिंगचा नंबर कडेवर कोरलेला असतो. ६०८ असेल तर भोक ८, बाहेरचा व्यास २२ आणि जाडी ७ मिमी. आपल्या हवेत पत्र्याच्या झाकणाचे ‘झेडझेड’ घेण्यापेक्षा रबरी सीलचे ‘टू-आरएस’ घ्यावे. शाफ्टवर चढवताना ठोका फक्त आतल्या कड्यावर द्यावा. गिअरबॉक्समध्ये ग्रीस अर्ध्यापर्यंतच भरावे, जास्त झाले की तापून मोटारीत उतरते.

धातूच्या बॉडीच्या मशीनला तीन तारांची वायर आणि नीट काम करणारे अर्थिंग हवेच. दोन पिनांचा प्लग लावून भागवणे म्हणजे जिवाशी खेळ. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कमजोर पडते, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) बसवावा. पहिल्यांदा चालवताना १०० वॅटचे दोन बल्ब पॅरलल जोडून ती जोडी मशीनच्या सिरीजमध्ये घ्यावी, म्हणजे मशीनला करंट त्या बल्बांतूनच जातो. बल्ब पूर्ण पेटले आणि मशीन हलले नाही, तर आत शॉर्ट आहे किंवा काहीतरी जाम आहे.

घरोघरी मेगर असणे शक्य नाही. पण ज्या आयटीआयत इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवला जातो, तिथे तो असतोच. नवरात्र संपल्यावर तालुक्यातल्या आयटीआयने दोन दिवस प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली लोकांची मशीन तपासून द्यावीत. तपासणीला दहा मिनिटेही लागत नाहीत आणि मुलांना खऱ्या बिघाडांवर हात बसवता येईल. आपण ही मागणी छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, राजापूर