नेपाळच्या शाळेत उन्हाळी स्वयंसेवा: आधी तिथलं कॅलेंडर बघा

संपादक, स.न.वि.वि.

सुट्टी लागली की 'दोन आठवडे नेपाळमध्ये मुलांना शिकवा, प्रमाणपत्र मिळवा' अशा जाहिराती महाविद्यालयांत फिरू लागतात. जायला हरकत नाही, पण तारखा ठरवताना आपली सुट्टी धरली जाते, शाळेचं वर्ष नाही. घोळ तिथूनच सुरू होतो.

नेपाळचं शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. पहिले काही दिवस प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातात. मे महिन्यात डोंगरी भागातल्या शाळा रुळलेल्या असतात; आपल्या विद्यार्थ्यांसाठी तोच काळ चांगला. जूनअखेर असारात (आपल्या आषाढात) भातलावणी येते, वर्ग रोडावतात, दरडींनी रस्ते अडतात. तराईत, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट भागात, तर उन्हाळ्याचीच सुट्टी असते. साप्ताहिक सुट्टी शनिवारी.

व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. अठरा नुकती पूर्ण झालेल्यांकडे बहुधा दोन्ही नसतं, तेव्हा अर्ज दोन-तीन महिने आधी करावा. शालेय शिक्षण तिथे पालिकेच्या अखत्यारीत आहे. म्हणून जाहिरात करणाऱ्या संस्थेच्या ईमेलवर न विसंबता प्रधानाध्यापकांचं पत्र आणि पालिकेच्या 'शिक्षा' (म्हणजे शिक्षण) शाखेची संमती मागावी. भरलेल्या शुल्कातले किती पैसे शाळेला पोचतात, हेही लेखी विचारावं. उत्तर गुळमुळीत आलं तर तो नाद सोडावा. शाळेऐवजी 'अनाथालय' पुढे केलं तर नकोच. तिथल्या अनेक मुलांचे आईवडील हयात असतात आणि पाहुण्यांच्या पैशावर हा धंदा चालतो.

वर्गात नेहमी घडतं ते असं: स्वयंसेवक येतो, शिक्षक ऑफिसात जाऊन बसतात, मुलं इंग्रजी गाणं आणि रंगांची नावं शिकतात. स्वयंसेवकांच्या पुढच्या तुकडीकडून पुन्हा तेच रंग. पुस्तकातला धडा मात्र जागच्या जागी. त्यापेक्षा वर्गशिक्षक वर्गात असताना मागे पडलेली पाच-सहा मुलं घेऊन रोज अर्धा तास वाचन घ्यावं, किमान चार आठवडे. पहिल्या दिवशी प्रत्येकाला त्यांच्याच पुस्तकातले दहा शब्द वाचायला लावून वहीत नोंद करावी, शेवटच्या दिवशी तेच शब्द पुन्हा. वही वर्गशिक्षकांकडे ठेवून यावं. पुस्तकं सानोठिमीच्या पाठ्यक्रम विकास केंद्राच्या संकेतस्थळावर मिळतात. पहिली ते तिसरीचं 'हाम्रो सेरोफेरो' (आपला परिसर) हे पुस्तक तरी जाण्याआधी चाळावं.

लिपी एकच म्हणून मराठी मुलं निर्धास्त असतात, आणि तिथेच फसतात. नेपाळी वळणाचे झ, ५ आणि ८ आपल्यापेक्षा वेगळे. ळ तर नाहीच. फळ्यावर आपला ५ काढला की पहिलीतलं पोर बघतच राहतं. आधी त्यांच्या पुस्तकावरून आठवडाभर गिरवून घ्यावं. सिनेमामुळे हिंदी बऱ्याच मुलांना कळते, म्हणून हिंदीतून शिकवायचा मोह होतो. तो टाळावा, अडलं तर शिक्षकांना विचारावं.

वह्या-पेन्सिलींचं ओझं इथून नेऊ नये, जवळच्या बाजारात मिळतात. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी होतात. काय आणायचं ते मात्र प्रधानाध्यापकांना विचारूनच; पंचवीस मुलांच्या वर्गात दहाच पेन्सिलपेट्या वाटल्या तर उरलेल्या पंधरा जणांची समजूत शिक्षकांनाच काढावी लागते.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा