त्या मायलेकराच्या चित्राखाली नाव हवं होतं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या चित्रांवरचा लेख मन लावून वाचला. पण त्यातल्या मोठ्या चित्राखाली 'रेड इंडियन स्क्वॉ व तिचं मूल' एवढंच छापलेलं पाहून वाईट वाटलं. हे अमेरिकी चित्रकार जॉर्ज कॅटलिनने १८३५ साली रंगवलेलं चित्र. त्या बाईचं नाव त्याने नोंदवून ठेवलं आहे: जु-आ-किस-गॉ. ती चिपेवा, म्हणजेच ओजिब्वे या मूळ अमेरिकी जमातीची. आणि 'स्क्वॉ' हा शब्द तिथल्या बायकांना शिवीसारखा लागतो. २०२२ मध्ये अमेरिकी सरकारने तो सुमारे ६५० ठिकाणांच्या नावांतून काढून टाकला. आपण तो आज कशाला छापायचा?

तिचं मूल फळीच्या पाळण्यात बांधलेलं आहे. असल्या पाळण्याला डोक्याशी वाकवलेल्या लाकडाची कमान असते. पाळणा पालथा पडला तरी कमान आधी जमिनीला टेकते, बाळाच्या डोक्याला लागत नाही. बाळाच्या तोंडासमोर जे लोंबतं, ती त्याचीच नाळ, राखणीसाठी जपलेली, असं कॅटलिन लिहितो. आपल्याकडे नाळ पुरतात. त्या आईने ती लेकराच्या नजरेसमोर टांगली. हे कळल्यापासून मला त्या चित्रात आधी तेच दिसतं.

लेखात या बायकांच्या पोशाखाला 'आदिम' म्हटलंय, तेही पटलं नाही. त्या काळच्या चिपेवा बायका फरच्या बदल्यात व्यापाऱ्यांकडून लोकरी कापड, रेशमी फिती, काचमणी, चांदीचे बिल्ले घेत. माल परका, पण खांद्यावर पट्ट्यांनी अडकवायचा झगा आणि वेगळ्या बांधायच्या बाह्या, ही बेतणी त्यांची स्वतःची.

लेखातलं दुसरं चित्र, 'चिपेवा विधवा', मॅकेनी आणि हॉल या दोघा अमेरिकी लेखकांच्या, मूळ रहिवाशांच्या जमातींवरच्या १८३६ ते १८४४ दरम्यान निघालेल्या सचित्र ग्रंथातलं. तिच्या हातातलं गाठोडं म्हणजे सामान नव्हे. नवरा गेला की बाई आपले चांगले कपडे गुंडाळून त्याच्या पट्ट्याने बांधायची, आणि त्या गाठोड्यालाच 'माझा नवरा' म्हणायची. भेटवस्तू वाटल्या जात तेव्हा त्याचाही वाटा निघे. सासरची माणसं येऊन ते घेऊन जाईपर्यंत तिने ते सोडायचं नाही. मॅकेनीने हे लिहून ठेवलं आहे. चित्राखाली दोन ओळी सहज मावल्या असत्या.

शिवाय या ग्रंथातली बरीच चिपेवा चित्रं नकलेची नक्कल आहेत, हेही सांगायला हवं होतं. १८२६ मध्ये अमेरिकी सरकार आणि चिपेवा यांच्यात फॉन दु लाक इथे तह झाला, तेव्हा चित्रकार जेम्स ओटो लुइसने माणसं समोर बसवून रेखाटली. चार्ल्स बर्ड किंग या चित्रकाराने ती वॉशिंग्टनमध्ये पुन्हा रंगवली, त्यांवरून ग्रंथासाठी शिळाछाप (दगडावरून छापलेली चित्रं) निघाले. किंगची बहुतेक चित्रं १८६५ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला लागलेल्या आगीत जळाली. म्हणून चेहऱ्यांबाबत मी जपून बोलेन.

पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती जरूर छापावी: जु-आ-किस-गॉ आणि तिचं मूल, ओजिब्वे, १८३५.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा