धाकटीबरोबर किती पैसे द्यायचे

स्टुटगार्ट, १८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, धाकटी इथे स्टुटगार्टला नोकरीसाठी येताना तिच्याबरोबर किती पैसे द्यायचे, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. धाकटीच्या हाताशी सहा हजार युरो असायला हवेत. एका युरोचे शंभर रुपये धरले तर सहा लाख, आणि बँक त्याहून थोडे जास्तच घेईल. तुम्ही मनाशी धरलेले तीन लाख पुरणार नाहीत. तिचा पगार कमी आहे असं नाही. पगार सुरू होऊन घर लागेपर्यंतचे पहिले दोन महिने इथे फार महाग पडतात, म्हणून एवढे लागतात. एकदा बस्तान बसलं की तिचं तिच्या पगारात नीट भागेल.

आधी पगाराचं बघू. नेमणूकपत्रात महिना ३,६०० युरो लिहिलेत, ते कापाकापीच्या आधीचे. त्यातून पेन्शनचे ९.३ टक्के, बेकारी विम्याचा १.३, आरोग्य विम्याचे पावणेनऊच्या आसपास आणि शुश्रूषा विम्याचे (म्हातारपणी किंवा आजारपणात सेवा लागली तर त्यासाठीचा) २.४ टक्के जातात. मूल नसलेल्या माणसाला हा शेवटचा विमा थोडा जास्त पडतो. उरलेल्यावर प्राप्तिकर. सगळं वजा जाता तिच्या खात्यात साधारण २,३८० युरो येतील. तुम्ही हिशेबाच्या वहीत हाच आकडा लिहा, ३,६०० खोडून टाका. कापलेलं सगळं वाया जातं असं मात्र समजू नका. आरोग्य विमा त्यातच आला. पेन्शनच्या पात्रतेसाठी भारतातली आणि इथली वर्षं एकत्र धरायची सोय भारत-जर्मनी करारात आहे, तो १ मे २०१७ पासून लागू आहे.

या आकड्यातून आणखी एक कापणी होऊ शकते, ती तिने टाळावी. पत्ता नोंदवताना धर्म विचारतात. कॅथलिक किंवा इव्हांगेलिक (म्हणजे प्रोटेस्टंट) चर्चची सभासद म्हणून नोंद झाली, तर प्राप्तिकराच्या ८ टक्के चर्च-कर लागतो. हा दर इथल्या, म्हणजे स्टुटगार्ट ज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा. बव्हेरिया सोडून बाकीच्या राज्यांत तो ९ टक्के आहे. तो रकाना नीट वाचूनच सही करायची.

आता घरभाडं. जाहिरातीत दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं, शब्दशः ‘थंड भाडं’. वार्ममीटे म्हणजे त्यात पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट आणि बहुतेक वेळा घर गरम ठेवण्याचा खर्च मिळवून आलेली रक्कम. स्टुटगार्ट हे जर्मनीतल्या महागड्या शहरांपैकी आहे. चाळीस चौरस मीटरच्या एका खोलीच्या घराला थंड भाडं ६४० आणि वरचे १३० असे ७७० युरो धरा. विजेचा करार वेगळा, त्याचे ४५ ते ५०. इंटरनेट आणि फोन मिळून तेवढेच. रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी ती चुकत नाही. डॉइचलांडटिकेट हा प्रवासाचा मासिक पास जानेवारीपासून ६३ युरो झालाय. त्यावर शहरातली बस, ट्राम, मेट्रो आणि देशभरातल्या प्रादेशिक गाड्या महिनाभर चालतात, म्हणून गाडीचा विचार तिने सध्या करूच नये. घरी स्वयंपाक केला तर एका माणसाला जेवणखाण २५० ते २८० युरोंत होतं. कपडे, औषधं, अधूनमधून बाहेर खाणं यांना दीडशे. बेरीज होते साडेतेराशे ते चौदाशे. म्हणजे महिना नऊशे-हजार शिल्लक, पण ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून.

वरचे १३० युरो अंदाजाचे असतात, हे तिला आठवणीने सांगा. वर्षाचा हिशेब घरमालक नंतर पाठवतो, त्यासाठी त्याला पुढचे बारा महिने मुदत असते. गरम करण्याच्या खर्चातला ५० ते ७० टक्के भाग प्रत्येक घराच्या प्रत्यक्ष वापरावर वाटला जातो. आपल्याकडून आलेली माणसं पहिल्या हिवाळ्यात हीटर पाचावर ठेवतात आणि खिडकी तिरकी उघडून ठेवतात. मग पुढच्या वर्षी दोनशे-तीनशे युरोंची मागणी येते. हीटरवरचा आकडा वेग दाखवत नाही, तापमान दाखवतो. तीनवर खोली साधारण वीस अंशांवर राहते, पाचवर ठेवून ती लवकर तापत नाही. खिडकी दिवसातून तीन-चार वेळा पूर्ण उघडायची, पाच ते दहा मिनिटं, हीटर बंद करून. भात-वरणाची वाफ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांची ओल बाहेर गेली नाही तर कोपऱ्यात काळी बुरशी धरते, आणि घर सोडताना तिची सफाई अनामत रकमेतून वळती होते.

ही अनामत म्हणजे काउत्सिओन. कायद्याने ती तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून जास्त घेता येत नाही, म्हणजे तिच्यासाठी जास्तीत जास्त १,९२० युरो. ती तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. सगळे एकदम मागितले तरी हा हक्क तिने सांगावा. किल्ली घेताना भिंती, फरशी, नळ, मीटरचे आकडे यांची लेखी नोंद आणि फोटो हवेतच. पैसे परत मिळणं त्या कागदावर अवलंबून असतं. घर न दाखवता ‘मी परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली पोस्टाने येईल’ असं कुणी म्हणालं तर तो ठग समजायचा. नव्याने येणाऱ्यांना हाच प्रकार सर्वांत जास्त महागात पडतो.

घर शोधायला सहा ते आठ आठवडे धरा. तोवर सामानासकट तात्पुरती खोली, महिना १,००० ते १,३०० युरो. ती ठरवताना एकच प्रश्न आधी विचारायचा: इथे पत्ता नोंदवता येईल का, आणि त्यासाठी घरमालक राहत असल्याचा दाखला देईल का? नाही म्हणाले तर खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यायची. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. ती झाली की कर-क्रमांक पोस्टाने येतो. तो कार्यालयाला वेळेत दिला नाही तर सहाव्या, म्हणजे सर्वांत जास्त कापणीच्या करवर्गाने कर जाऊ शकतो, म्हणजे पहिल्याच पगारातले काहीशे युरो अडकतात. पुढे ते परत मिळतात, पण गरज नेमकी तेव्हाच असते. आणि टपालपेटीवर तिचं आडनाव पहिल्याच दिवशी चिकटवायला सांगा, साधा कागद असला तरी चालेल. नाव नसलं तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि कर-क्रमांक, बँकेचा पिन, विम्याचं कार्ड हे सगळं टपालानेच येतं.

नंतरचा धक्का स्वयंपाकघराचा. इथे पुष्कळ घरं ओट्याशिवाय, सिंकशिवाय, शेगडीशिवाय भाड्याने देतात. दिवेसुद्धा नसतात, छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर विकत असेल तर ते घेणं बरं, जागेवर बसवलेलं मिळतं. जुनं स्वयंपाकघर ५०० ते ८०० युरो आणि गादी, पलंग, टेबल, दिवे ४०० ते ५०० असे धरा. जाहिरातीत ‘आइनबाउक्युखे’ हा शब्द असेल तर स्वयंपाकघर बसवलेलं आहे. त्यासाठी पन्नास युरो जास्त भाडं गेलं तरी पहिल्या वर्षी ते परवडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून सहा हजारांचा हिशेब असा: तात्पुरती खोली दोन महिने २,३००, अनामत १,९२०, नव्या घराचं पहिलं भाडं ७७०, सामान १,२००, निवासपरवान्याचं कार्ड १००, आणि पहिल्या पगारापर्यंतचं खाणंपिणं, तिकीट, फोन ४००. बेरीज ६,६९० होते. पगार महिनाअखेरीला होतो, म्हणून दुसऱ्या महिन्याच्या खोलीचे पैसे पहिल्या पगारातून जातील. हातात सहा हजार असले की ओढाताण होत नाही. यातली अनामत काही खर्च नव्हे, घर सोडल्यावर ती परत येते.

पैसे कसे न्यायचे ते सांगते. रोख पाचशे युरो पुरे, बाकीचे बँकेच्या फॉरेक्स कार्डावर. इथलं खातं उघडलं की मोठी रक्कम तुम्ही बँकेतून थेट त्यात पाठवा. आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंतच्या रकमेवर आता टीसीएस, म्हणजे पैसे परदेशी पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, कापला जात नाही. सुट्ट्या नोटा विमानतळावर बदलू नका, तिथे युरो फार महाग पडतो.

महाराष्ट्र शासनाचा बाडेन-व्युर्टेम्बर्गशी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून आपल्याकडे ‘सगळी सोय करून देतो’ म्हणणारे बरेच झालेत. पत्त्याच्या नोंदणीला एकही पैसा लागत नाही. कर-क्रमांकही फुकट. त्यासाठी कुणी फी सांगितली तर देऊ नका.

निघण्याआधी दोन कामं तिकडेच उरका: दातांची तपासणी आणि चष्म्याचे दोन जोड. इथे डॉक्टरकडे गेल्यावर विमा असल्याने पैसे द्यावे लागत नाहीत, चिठ्ठीवरच्या औषधाला पाच ते दहा युरो पडतात, पण मोठ्या माणसांचा चष्मा विम्यात सहसा बसत नाही आणि दाताच्या कॅपला खिशातून बरेच जातात. नोकरी सुरू होईपर्यंतच्या दिवसांचा प्रवासविमा वेगळा काढा, कारण इथला विमा कामाच्या पहिल्या दिवसापासून.

आई, तुझ्यासाठी खास. साजूक तुपाची बरणी देऊ नकोस. पेढे, श्रीखंड, खवा, मांसाचं काहीही युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. इथे लोणी चांगलं मिळतं, ती घरी कढवेल. ओला कढीपत्ता आणि ताजी फळंही नकोत. गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, कुळथाचं पीठ, पापड, हिंग एवढं भरभरून दे, कारण हेच इथे मिळत नाही किंवा फार महाग मिळतं. तांदूळ-डाळीचं वजन घालू नकोस. कोथिंबीर, मिरच्या, मसूर तुर्की दुकानांत स्वस्त मिळतात, तूरडाळ आणि पोळीची कणीक भारतीय दुकानात. सुपरमार्केटमधलं ४०५ क्रमांकाचं पीठ म्हणजे मैदाच, त्याच्या पोळ्या वातड होतात. पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायची गरज नाही, नळाचं पाणी थेट पिता येतं. इतर पेयांच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे सहसा २५ सेंट जास्त घेतात, ते बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की मिळतात.

आणि कुकर. आपला ॲल्युमिनियमचा कुकर इथल्या इंडक्शन शेगडीवर तापतच नाही. स्टीलचा तीन लिटरचा घ्या, एक जादा रिंग आणि शिट्टीसकट. दुकानात लोहचुंबक घेऊन जा आणि तळाला लावून बघा. नीट चिकटला तरच तो कुकर घ्या.

तुमची,
थोरली