चार बटणे दाबली, पण आमचा नगरसेवक कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मतदानाचा टक्का घसरला की मतदारालाच बोल लावला जातो. शिक्षिका म्हणून मी बऱ्याच निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केले आहे. मला तरी दोष एका प्रभागातून चार नगरसेवक निवडण्याच्या रचनेत दिसतो.

२०१७ च्या सोलापूर महापालिका निवडणुकीत पूर्व भागातल्या विडी कामगार बायका एक बटण दाबून निघायच्या. "मावशी, थांबा, अजून तीन मते राहिलीत," हे दिवसभर सांगावे लागले. एकीने विचारले, "बाई, ह्यातला आमच्या गल्लीचा कोण?" केंद्रावर बसून बोलता येत नव्हते, आणि उत्तर तरी कुठे होते? चौघेही तिचेच. मग नळाला चार-पाच दिवस पाणी आले नाही तर जाब कोणाला विचारायचा? तिची मजुरी हजार विड्यांवर. मतदानाची भरपगारी सुटी घरी विड्या वळणारीच्या पदरात पडत नाही. तिने दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा का यावे?

२०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख. नगरसेवक १०२, प्रभाग २६ (दोन प्रभागांत तिघे, बाकी सगळीकडे चौघे). म्हणजे एका प्रभागात सरासरी साडेछत्तीस हजार माणसे!

स्वीडनमध्येही एका मतदारसंघातून अनेक जण निवडून जातात, आणि मतदान ८० टक्क्यांच्या वर होते. पण तिथे जागा मतांच्या प्रमाणात वाटतात, त्यामुळे लहान पक्षाच्या मतदारालाही घराबाहेर पडावेसे वाटते. आपल्याकडे प्रभागातल्या अ, ब, क, ड या चार जागांच्या चार वेगळ्या लढती, मतदार मात्र तेच. बहुरंगी लढतीत ४० टक्के मते एकगठ्ठा पडली तर चारही जागा एकाच पक्षाला जाऊ शकतात. उरलेल्या ६० टक्क्यांच्या हाती काहीच नाही. मोठ्या प्रभागाचा तोटा तेवढा आपण घेतला.

आरक्षणासाठी चारचा प्रभाग लागतो, हेही खरे नाही. मुंबईत २२७ प्रभागांतून एकेकच नगरसेवक निवडतात, तरी निम्म्या जागा महिलांना मिळतातच.

सोलापुरातही १०२ प्रभाग करावेत. साधारण नऊ-साडेनऊ हजार लोकांमागे एक नगरसेवक येईल, आणि तो कोण हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असेल. पुढच्या प्रभागरचनेआधी राज्य सरकारने कायद्यात हा बदल करावा. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, साखर पेठ, सोलापूर