सेट मापाने करून घे, पण सुरुवात सेव्हन आयर्नपासून

नाशिक,
२० जानेवारी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी भाजीबाजारात होतो, धड बोलता आलं नाही. ‘गोल्फच्या क्लबांचा, म्हणजे काठ्यांचा, पूर्ण सेट मापाने करून घेऊ का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढं उत्तर पुरलं असतं. पण तू लगेच ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचं, मॉडेल नि रंग सांगायला लागलास, म्हणून हा कागद घेऊन बसलोय. ज्या गावात गोल्फ क्लब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर त्या नावाच्या मैदानावरचे रणजीचे सामने आणि जॉगिंग ट्रॅक येतो, तिथे बसून मी शाफ्टच्या, म्हणजे क्लबच्या नळीच्या, वजनावर पत्र लिहितोय, याचं आमच्या हिला फार हसू येतंय.

पहिलं सांगतो ते हे, की ड्रायव्हर शेवटी. आमच्या फिटरने, म्हणजे मापाने क्लब बसवून देणाऱ्याने, गाडीतून सुटी हेडं (क्लबची खालची डोकी) आणि शाफ्टांचा भारा काढला, सरावाच्या रेंजवर मांडला आणि माझ्या हातात आधी माझाच जुना सेव्हन आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचा क्लब, दिला. त्याआधी बूट घालून सरळ उभं केलं, हात सैल सोडायला लावले आणि मनगटापासून जमिनीपर्यंत टेप लावली. उंची आणि हे माप मिळून क्लबच्या लांबीचा नि लाय अँगलचा (शाफ्ट जमिनीशी करतो त्या कोनाचा) पहिला अंदाज निघतो. पिंग कंपनीचे क्लब पाहिलेस तर हेडवर रंगीत ठिपका असतो ना, तो त्यांचा लायचा कोड. काळा म्हणजे स्टँडर्ड, बाकीचे रंग त्याच्या अलीकडे-पलीकडे. पण हा अंदाज उभ्या माणसाचा. स्विंगमध्ये, म्हणजे क्लब फिरवताना, हात किती वर येतात ते टेपला कळत नाही, म्हणून खरी परीक्षा बॉल मारूनच.

ती परीक्षा मला सगळ्यात आवडली. बॉलवर मार्करने जाड रेघ ओढायची, रेघ क्लबच्या बाजूला उभी ठेवायची आणि मारायचं. रेघेचा ठसा क्लबफेसवर, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूवर, उमटतो. ठसा उभा आला तर लाय बरोबर, कलला तर चूक. माझा चांगलाच कलला होता. आपण बुटके, त्यात माझे हात लांब. तयार सेट माझ्यासाठी फार अपराइट, म्हणजे शाफ्ट जास्त उभा. बॉलशी येताना हेडची टाच टेकते, टो, म्हणजे पुढचं टोक, हवेत राहतो आणि फेस डावीकडे बघतो. लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, जितका जास्त तितका हा दोष जास्त दिसतो, म्हणून माझे वेज (जवळून मारायचे, जास्त लॉफ्टचे क्लब) सगळ्यात जास्त डावीकडे जायचे. इतकी वर्षं शिकवणारा म्हणायचा, ‘साहेब, मनगट वळवू नका.’ अरे, मनगट काय करणार बिचारं! शेवटी अर्धा इंच आखूड आणि दोन अंश फ्लॅट, म्हणजे कमी उभा, असं ठरलं.

आता तुझ्या-माझ्यातल्या टूलरूमवाल्याला आवडेल ती गोष्ट. क्लब अर्धा इंच आखूड केला की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हाताला जाणवणारं हेडचं वजन, साधारण तीन पॉइंटांनी उतरतं. त्याच्या मोजपट्टीवर डी-२ चं सी-९ होतं आणि हातात काठी पोकळ लागते. म्हणून आखूड सेट मागवताना हेड जड घ्यायचं, नुसती वरून नळी कापून चालत नाही. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेलं, हेड मऊ, लॉफ्ट-लाय मशीनमध्ये अडकवून दांड्याने एक-दोन अंश सहज वाकवता येतं. कास्ट, म्हणजे ओतीव, हेडं कडक, काही तर वाकवूच नयेत. सेट आला की पहिल्यांदा सगळे लॉफ्ट-लाय मोजून घे. कारखान्यात अंशभर इकडे-तिकडे चालतं, आणि दोन शेजारचे क्लब उलट दिशांना चुकले की दोघांचं अंतर जवळजवळ एकच होऊन बसतं. अंबडच्या कारखान्यात आपण आलेला प्रत्येक लॉट तपासून घ्यायचो, इथे पदरचे पैसे घालून न तपासता का घ्यायचा?

क्लबवरच्या आकड्यावर तर अजिबात जाऊ नकोस. माझा जुना सेव्हन आयर्न ३५ अंश लॉफ्टचा होता, नवा ३० चा, आणि लॉफ्ट कमी की बॉल लांब. आता तोच मी ‘बारा यार्ड लांब’ मारतो, यात माझं कर्तृत्व किती ते तूच ठरव. याची खरी किंमत खालच्या टोकाला मोजावी लागते. पिचिंग वेज ४४ अंशांवर येतो, सँड वेज ५६ वरच राहतो, आणि मधे बारा अंशांची दरी. ऐंशी-नव्वद यार्डांवरून आपल्याला जे अर्धवट, घाबरत-घाबरत मारावं लागतं ते यामुळे. मी ५० चा एक वेज घेतला. वरच्या टोकाला थ्री नि फोर आयर्न काढून टाकले, हायब्रिड, म्हणजे मारायला सोपे, जाड हेडचे क्लब, घेतले. आपल्या स्विंगच्या वेगाला लांब आयर्नने बॉल पुरेसा उंच जातच नाही. चौदा क्लबांची मर्यादा १९३८ साली अमेरिकेत आली, पण चौदा भरलेच पाहिजेत असं कुठे म्हटलंय? माझ्या बॅगेत बाराच आहेत.

शाफ्टचं ऐक. ‘रेग्युलर’, ‘स्टिफ’ ही कडकपणाची नावं, पण त्यांना सगळ्या कंपन्यांचं मिळून एक प्रमाण नाही. एकीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका कडक निघू शकतो. तेव्हा अक्षर बघू नकोस, बॉल बघ. माझ्या शाफ्टवर ‘सीनियर’, म्हणजे रेग्युलरहूनही मऊ, लिहिलंय. क्लबातल्या एकाने सुचवलं की त्यावर स्टिकर लाव! वजनाचा फरक मात्र लगेच कळतो: स्टीलचे शाफ्ट शंभर-सव्वाशे ग्रॅमचे, ग्रॅफाइटचे साठ-सत्तरचे. तुझं कोपर दुखतं, तू ग्रॅफाइटच घे. दुसऱ्याचा उतरवलेला सेट स्वस्तात मिळतोय म्हणालास. तो दुसऱ्याचा चष्मा आहे, सुधीर.

लाँच मॉनिटरच्या, म्हणजे बॉलचा वेग नि अंतर दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर फार भाळू नकोस. मी मोजायला गेलो ती सकाळ थंडीची. निफाडला पारा उतरला की आपल्याकडेही हुडहुडी भरते, आणि गार हवेत, गार बॉलने अंतर कमीच येतं. वर रेंजचे झिजलेले बॉल. उलट नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, त्यामुळे मुंबईपेक्षा इथे बॉल थोडा पुढे पडतो. म्हणून यार्डांपेक्षा बॉल फेसच्या मधोमध लागतोय का आणि दहा बॉल किती जवळजवळ पडतात, ते बघ. एखादा भन्नाट शॉट बसला की फिटरला ‘हाच शाफ्ट’ म्हणायचा मोह होतो, विकणाऱ्यालाही होतो. नेहमीसारखंच मार. त्या दिवशी जोर लावून मारलंस तर सेट त्या दिवसापुरताच बसेल.

ग्रिप, म्हणजे शाफ्टवरची पकडायची मूठ, लहानसहान वाटते, पण हातमोजा कुठल्या मापाचा घालतोस ते सांग. बोटं तळव्यात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे. खाली टेपचा एकेक थर देऊन ती जाड करता येते.

आणि पटर, म्हणजे हिरवळीवर बॉल होलकडे ढकलायचा क्लब. बहात्तर पारच्या, म्हणजे अठरा होल बहात्तर फटक्यांत संपवायच्या, कोर्सवर दर होलला पटरचे दोन फटके धरले तरी छत्तीस होतात, आणि तरी लोक पटर मोजून घेत नाहीत. तुझा वडिलोपार्जित पटर टाकू नकोस, फक्त लांबी नि लाय बघून घे. पवित्रा घेतल्यावर डोळे बॉलच्या रेषेवर किंवा किंचित आत येतात का, एवढं आरशात पाहून ये.

पैशाचं पत्रात लिहीत नाही, वहिनी वाचतील. फेब्रुवारीत ये, द्राक्षंही असतील. येण्याआधी मनगट-जमीन माप फोनवर कळव, बूट घालून घे, आणि मोजायला मुलाला सांग. तू स्वतः वाकून मोजलंस तर ते माप कामाचं नाही.

तुझा,
अविनाश